शेजारच्या बाकावरचा विरोधी पक्ष

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, राजधानीच्या महापालिकेत काल आमच्या वॉर्डाची पाइपलाइन एका कोपराने वाचवली.

मी प्रेक्षकांच्या सज्जात होतो. खाली आमचे नगरसेवक अण्णा आणि त्यांना खेटून विरोधी पक्षाच्या कमलताई. पाइपलाइनच्या ठरावावर ताईंनी अशी आग पाखडली की आमच्या नळांना पाणी असतं तर तिथल्या तिथे उकळलं असतं. अण्णांनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, "ताई, घसा ओला करा," म्हणाले आणि जेवणानंतर गाढ झोपले.

मतदान आलं. दोन्ही पक्ष तुल्यबळ. एक हात कमी पडला तरी ठराव बुडणार. महापौरांनी पुकारलं, भराभर हात वर झाले. अण्णांचे दोन्ही हात पोटावर! मी सज्जाच्या कठड्यावरून खाली वाकलो.

तेवढ्यात ताईंनी अण्णांना कोपराने ढोसलं. दचकून त्यांचा हात वर गेला आणि ठराव पास झाला.

पक्ष समोरासमोर लढतात, पण वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी बसणाऱ्यांचं एक बिनझेंड्याचं गाव होत असावं. ढोसताना ताईंचा माइक चालूच होता. अख्ख्या सभागृहाने ऐकलं,

"अहो अण्णा, उठा! तुम्ही हात वर केल्याशिवाय मी विरोध कुणाला करू?"