गेट सोबत घेऊन आलेली चन्नम्मा

आमच्या शेजारची चन्नम्मा आता अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात ऑफिस सांभाळते. मी तिला ओळखते ती त्याच कारखान्याच्या गेटवर अठरा वर्षांची पोर उभी असायची तेव्हापासून. मी तिथं मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सुटीचा भोंगा झाला की ती बायकांची झडती घ्यायची. "मावशी, डबा उघडा." डब्यात भाकरीचा तुकडा, दुसरं काय असणार? पण रोज उघडायला लावायची. मला लई राग यायचा. मग एकदा लक्षात आलं, सगळ्यांच्या आधी ती स्वतःची पिशवी आमच्यापुढं उलटी करते. तेव्हापासून मी न सांगता डबा उघडायला लागले.

आता भोंगा नाही, कांड्यांना यंत्र आलं. माझी बोटं तेवढी अजून झोपेत दोरा शोधतात. सून म्हणते, सासूबाई चादर ओढतात.

ऑफिसात कॉम्प्युटर एकच, वापरणारे सात. पासवर्डही आधी सगळ्यांचा एकच, कॅलेंडरशेजारी भिंतीवर लिहिलेला. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याला टॉवेलऐवजी ट्रकभर नॅपकिन गेले. ऑर्डर कुणी चुकवली, कसं कळणार? त्या खुर्चीत जास्त वेळ बसायचा बसप्पा, म्हणून नाव त्याचं झालं. तिथं एकतीस वर्षं घालवलेला माणूस. मालकांनी त्याला कॉम्प्युटरवरून उठवून गोदामात मोजणीला बसवलं. तो डबा एकटाच खायला लागला.

चन्नम्माला ते बघवेना. कॉम्प्युटरवाल्याला बोलावून, त्याच्याशेजारी बसून तिनं नियम लावून घेतले. प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. पाच मिनिटं हात लागला नाही की आपोआप कुलूप. पासवर्ड तीनदा चुकला की पाव तास बाहेर. पेन ड्राइव्ह बंद. आणि कुणी कधी काय बदललं, त्याची नोंद.

सगळे कुरकुरले. हिशेबाचा शिवानंद पाव तास बाहेर बसून दोन चहा प्यायला आणि म्हणाला, ही बाई गेटवरून उठून आत आली, पण येताना गेट सोबत घेऊन आली. तिनं बसप्पाचंही नाव घातलं होतं, पण तो बसेना. म्हणाला, "आधी माझ्यावरचा डाग जाऊ दे."

दिवाळीनंतर परत तेच झालं. ट्रक भरताना बसप्पालाच संशय आला. टॉवेलच्या व्यापाऱ्याच्या कागदावर नॅपकिन होते. चन्नम्मानं नोंद उघडली, तर नाव तिचंच. जुन्या ऑर्डरची नक्कल करून नवी तयार करताना जुना माल तसाच राहिला होता.

ती नोंद तिच्याशिवाय कुणाला बघता येत नव्हती. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? तिनं मालकांना बोलावलं, बसप्पालाही बोलावलं आणि स्क्रीन दोघांकडं फिरवली.

"ही चूक माझी. आणि मागचीही माझीच असणार, बसप्पाअण्णा. तेव्हाही मी अशीच नक्कल करायची."

मालक तिला बोलायचं ते बोलले. बसप्पानं स्क्रीनवरचं नाव वाचलं. मग म्हणाला, "डबा उघडलास की, चन्नम्मा."

आता तो परत त्या खुर्चीत बसतो. पासवर्ड विसरतो आणि पाव तास बाहेर पडतो. त्याच्यासाठीसुद्धा ती नियम ढिला करत नाही. तेवढ्या वेळात दोघं डबा खातात.