तीन श्वास आणि मोठ्या बाबांचा घसा

आता हे सांगायची खरं तर गरजच नाही. आमच्या गावात, शेलूबाजारात, मी सांगायच्या आधीच सगळ्यांना कळलंय. पण त्यांच्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

मी नागपूरला नोकरी करते आणि गोल्फ खेळते. हसू नका. कंपनीची टीम आहे, तिच्यात एकच जागा रिकामी होती आणि ती मला हवी होती. अडचण माझ्या रागाची. एक फटका चुकला की पुढचे सगळे मी रागाने मारते, आणि ते चेंडू पुन्हा कोणाला दिसत नाहीत. शिकवणारे सर म्हणाले, "हात चांगला आहे, डोकं तापतं. गावी चालली आहेस ना? तिथे कोणी काहीही बोललं तरी आधी तीन श्वास, मग उत्तर. आठवडाभर एकदाही आवाज चढला नाही, तर तुझं नाव देतो. खरं काय ते तुझं तू येऊन सांगायचं."

आणि गावी कोण? मोठे बाबा! माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या दोघांचं भांडण हे घरातलं रोजचं काम आहे, झाडलोटीसारखं.

मी बॅग खाली ठेवते न ठेवते तोच त्यांनी विचारलं, "काहून व प्रज्ञा, त्या काठीनं चेंडू ढकलाचा पगार भेटते का तुले?"

एरवी मी ताडकन उत्तर दिलं असतं. पण नाही. एक श्वास. दोन. तीन. मग गोड हसून, "नाही, मोठे बाबा."

पुढच्या भांडणाची त्यांची सगळी तयारी वाया गेली. त्यांनी तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला. माझे पुन्हा तीन श्वास.

दुसऱ्या दिवशी आई चहाला बोलवायला आली तीही ओरडतच. मग बाबाही ओरडायला लागले. मला वाटलं, मी भांडत नाही म्हणून ही माणसं चिडली आहेत, मला मुद्दाम डिवचतायत. स्वतःचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता! घरादाराला राग आवरत नाही आणि मी एकटी शांत. मोठ्यांनी माझ्याकडून काही शिकावं, असंही मनात येऊन गेलं. भाजीवाली माझ्या कानाशी वाकून वांग्यांचा भाव ओरडली, तरी मला शंका आली नाही. एवढी शिकलेली मी!

शेवटच्या दिवशी मोठे बाबा म्हणाले, वाशीमला काम आहे, चल. जीपमधून उतरलो ते थेट कान-नाक-घशाच्या दवाखान्यात. मला वाटलं, यांचंच काही असेल. ओरडून ओरडून आवाज बसलाच होता. पण डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं मला, आणि मागे उभं राहून अगदी हळू विचारलं, "जेवण झालं का?"

मी श्वास घ्यायला लागले. डॉक्टरांनी मोठ्या बाबांकडे पाहिलं. मोठ्या बाबांनी डोळे पुसले. मग मी म्हणाले, "झालं."

"अहो, हिला ऐकू येतं की," डॉक्टर म्हणाले. "मग अडतं कुठे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरांची अट, श्वास, टीम, सगळं सांगून टाकलं. मग मोठे बाबा मला उठवून त्याच खुर्चीत स्वतः बसले.

"डॉक्टरसाहेब, आलोच हाओ तं माहा घसा पाहून घ्या. हिच्यापायी फाटला."

मी तेही गिळलं. आज संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न होता. बाहेर बाकड्यांवर पेशंट बसले होते. तिथे मोठे बाबा माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पोरी, म्या आख्ख्या बाजारात सांगून ठेवलं, तू बहिरी झाली म्हणून. आता लोकं मले हासतीन. तवा थोडे दिवस बहिरीच राह्य."

मी एक श्वास घेतला. दुसरा आलाच नाही.

पुढे मी काय बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. टीममधली जागा पहिल्याच वाक्यात गेली, हे मला बोलता बोलता कळत होतं. पण आठवडाभराचं साठलेलं, थांबतंय कुठे! आतून डॉक्टर धावत बाहेर आले.

समोरच्या बाकड्यावर एक आजोबा कानाचं मशीन घ्यायला आले होते. ते मुलाचा हात धरून उठले.

"चाल घरी," ते त्याला म्हणाले. "मशीन कायले पायजे? या पोरीचं मले सारं आयकू आलं."