गाडीतल्या दिव्याचं परमिट

विजेवर आणि माणसांवर सारखाच विश्वास ठेवणारा, म्हणजे दोघांच्याही बाबतीत आधी लेखी घेणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला: माझे साडभाऊ. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी लाइनमन म्हणून खांबांवर काढली आणि एकदाही झटका न खाता रिटायर झाले. याचं श्रेय ते स्वतःला देत नाहीत, परमिटला देतात. परमिट म्हणजे लाइन बंद आहे, कोणी हात लावणार नाही, असा सबस्टेशनवाल्याच्या सहीचा कागद. "सही असली का बिनघोर चढाचं," ते म्हणतात. "मंग शंका घ्याची नाई. शंका घेनारा पडते."

खांब सुटले, परमिट सुटलं नाही. घरचा मिक्सर उघडायचा तरी बाईंची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, सही लागते. एकदा बाई बाजारात गेलेल्या, तर हे दोन तास हातात स्क्रू ड्रायव्हर धरून मिक्सरसमोर बसून राहिले.

दुसरी सवय बोलण्याची. आणि बोलताना ऐकणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे. दर रविवारी आम्ही दोघं त्यांच्या जुन्या गाडीतून चिमूरला सासूबाईंना पाहून चंद्रपूरला परतायचो. दिवेलागणीला जंगल लागलं की ते छतातला दिवा लावत आणि मी मान हलवतो की नाही यावर एक डोळा ठेवून गाडी चालवत. समोरून येणाऱ्यांना आम्ही काचेच्या कपाटातल्या मिठाईसारखे दिसत असू. मी मुळात अबोल. आठवडाभर कचेरीत लोकांचं ऐकायचं, रविवारी निदान डोळे मिटावेत एवढीच इच्छा. पण मिटले की, "झोपला काय बे?" खांबाखाली दबा धरून बसलेल्या अस्वलाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की शेवटी मला अस्वलाचीच बाजू पटायला लागली.

आता खरं सांगून टाकतो. गाडी घेतल्या घेतल्या त्यांनी स्टिअरिंगजवळ घरातल्या भिंतीवर असतं तसं पांढरं बटण ठोकलं होतं आणि दिवा त्यावरच लावत. दिव्याचं स्वतःचंही एक चिमुकलं बटण छतात असतं, ते कायमचं 'चालू'वर. तिकडं वर्षानुवर्षं कोणाचं बोट गेलं नव्हतं. एका रविवारी ते वाटेत मोहर्लीला चहा सांगायला उतरले आणि माझं गेलं. बटण मी 'बंद'वर सरकवलं. परत येऊन त्यांनी पांढरं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दहा वेळा दाबलं. दिवा नाही. माझं तोंड दिसेना, तसं अस्वल अर्ध्या रस्त्यातच थांबलं. मी चंद्रपूरपर्यंत झोपलो.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं. गाडीत शेवटचा बसलेला मी, म्हणून परमिट माझ्याकडून. 'छतातल्या दिव्याला अगर त्याच्या बटणाला मी हात लावलेला नाही.' कचेरीत मी हजारो सह्या केल्या आहेत. खोटी ही एकच.

त्या सहीनं बटणाचा विषय संपला, म्हणून त्यांनी बाकीची सगळी गाडी तपासली. त्याआधी घरचा मेन स्विच पाडला. चंद्रपूरचा मे महिना, कूलर बंद, बाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दारात.

"गाडीच्या दिव्यासाठी घरची लाइन काऊन बंद करता हो?"

"सवय मोडली का मानूस मरते."

"इथी आमी सवयीनंच मरून राह्यलो."

फ्यूज बदलला, बल्ब बदलला, दारांचे खटके घासले, छताचं कापड उतरवलं. त्यात उंदरानं साठवलेली मोहफुलं निघाली. जोडताना वायरींची अदलाबदल झाली आणि मागचं दार उघडलं की वायपर फिरायला लागले. त्यावरही ते खूश. "सप्लाय तर येऊन राह्यला न."

पण पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी ते टेस्टर पुसत म्हणाले, "करंट बरोबर, बल्ब बरोबर, बटनाची तर सहीच हाय. म्हंजे माहा हात गेला."

बुद्धपौर्णिमेला विहाराची रोषणाई दरवर्षी त्यांची. त्या वर्षी मंडळी विचारायला आली, तर त्यांनी हात जोडले. "ज्याले गाडीतला एक दिवा लागत नाई, तो विहार काय लावन?" शिडीही कोणाला तरी देऊन टाकायला निघाले.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी गेलो.

"भाऊ, बटण मी सरकवलं होतं."

"सही तुहीच हाय."

"हो."

"काऊन बे?"

"मला झोपायचं होतं. तुमचं बोलणं संपत नव्हतं."

ते उठले, गाडीत वाकले, पांढरं बटण चालू करून छतातलं बोटानं सरकवलं. दिवा लागला. बंद केला, पुन्हा लावला. रागावतील म्हणून मी मान खाली घातली, तर एवढंच म्हणाले, "म्हंजे हात बरा हाय माहा." आणि शिडी उचलून तडक विहाराकडं. त्या पौर्णिमेला विहार असा उजळला की बाईंनीसुद्धा टॉवेलाचं दुःख बोलून दाखवलं नाही.

रविवार मात्र बदलले. आता ते गाडीत दिवा लावत नाहीत. मी लावा म्हटलं, तर "असू दे, दमला असशीन, झोप तू" म्हणतात. टोमणा नसतो, मनापासून असतं, आणि म्हणूनच लागतं. मला तर झोपच येत नाही. मग मीच बोलतो. कचेरीतलं, सासूबाईंच्या गुडघ्यांचं, सुचेल ते. साडभाऊ समोर पाहत गाडी चालवतात. अंधारात तोंड दिसत नाही, त्यामुळं ते ऐकताहेत की नाही, काही कळत नाही.