धोंडबाची इटालियन उजळणी

१९७४ साली हिंगण्याच्या एका सूतगिरणीत इटलीहून नवी यंत्रं येणार होती, आणि ती शिकायला तिकडे एकच फिटर जाणार होता. तो आपणच, असं सक्करदऱ्याच्या धोंडबा गजभियेनं ठरवून टाकलं. सहा महिने त्यानं इटालियन क्रियापदं पाठ केली, तीही पाढ्यांसारखी, मांडी घालून, डोलत, मोठ्या आवाजात. मी खातो, तू खातोस, तो खातो. मग भूतकाळ, मग भविष्यकाळ, मग आज्ञार्थ.

"काहून जी," त्याची बायको कांताबाई म्हणायची, "सारी इटली जेवून राहिली, अन् तुमची भाकर ताटातच!"

परीक्षा घ्यायला आलेल्या इटालियन मिस्त्रीनं आपल्या भाषेत सोपंच विचारलं, "काल काय खाल्लं?" धोंडबाला प्रश्न कळला. उत्तरही येत होतं. पण 'बारा सत्ते' गाठायला 'बारा एके'पासूनच निघावं लागतं, त्याला तो काय करणार? त्यानं डोळे मिटले आणि वर्तमानकाळापासून सुरुवात केली, "मांजो, मांजी, मांजा..." मॅनेजरनं कपाळाला हात लावला. चार मिनिटांनी धोंडबा भूतकाळात पोचला आणि त्यानं ठणकावून सांगितलं, की मी झुणका खाल्ला.

मिस्त्री खुर्चीवरून उठलाच. "हाच पाहिजे," तो दुभाष्याला म्हणाला. "यंत्र खोलताना हा एकही पायरी गाळणार नाही."

हे धोंडबाला मात्र लगेच सांगता आलं नाही. तो तोवर भविष्यकाळात शिरला होता, आणि त्याला मधेच तोडायची कुणाची छाती झाली नाही.