तीस पोत्यांखालचा तवा

त्या साली श्रावणात भुजंगराव तिघांचं जेवायला लागला, आणि गावाला दसऱ्यापर्यंत पुरेल एवढं बोलणं मिळालं.

माणूस मुळातला काटकुळा. दोन भाकरींत ताटावरून उठणारा. तो एकाएकी सात-सात भाकरी ओढायला लागला. सातव्या भाकरीला त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, घास या गालातून त्या गालात फिरायचा, पण गडी हटत नव्हता. चुलीपाशी बसून थापणारी द्वारकाबाई विचारायची, "पुरं का आता?" आणि हा उचकी देत म्हणायचा, "घाल अजून एक."

गावाच्या तोंडाला काय कुलूप असतं? शेजारची साखराबाई म्हणाली, पोटात जंत झालेत. रामकिसन न्हावी म्हणाला, जंत कसले, जालन्यात कुणाशी तरी पैज मारून आलाय. पारावरच्या मंडळींनी तर ठरवूनच टाकलं की द्वारकाबाईला दिवस गेलेत आणि डोहाळे चुकून नवऱ्याला लागलेत. तिची धाकटी लेक लग्न होऊन सासरी नांदत होती, हे कुणी जमेस धरलं नाही.

बरं, नुसतं खाणं असतं तर बाईनं सोसलं असतं. दारात गोसावी आला, वासुदेव आला, डोंबारी आला, की भुजंगराव कणगीत हात घालून पायलीपायलीनं ज्वारी झोळीत ओतायचा. एका गोसाव्यानं घाबरून झोळी मागं ओढली, म्हणे, "बाबा, घरात बाईमाणूस हाय ना? तिला विचारलं का?" ज्या माणसानं उभ्या जन्मात देवळात नारळ फोडला नव्हता त्याला एवढा धर्म कुठून सुचला, या विचारानं द्वारकाबाईची झोप उडाली. जांबच्या रामाला तिनं नवससुद्धा बोलून ठेवला.

आता भुजंगरावाची आधीची कीर्ती सांगायला हवी. शेती दहा एकर, बैल दोन, आणि कापसाच्या हंगामात जालन्याला टेशनाजवळच्या जिनिंगमध्ये यंत्राला तेल घालायचं काम. तिथल्या टोपीवाल्या फिटरनं एकदा त्याला यंत्राचा भाग आणायला सोबत म्हणून मनमाडला नेलं. संध्याकाळी फिटर रेल्वेवाल्यांच्या नाचघरात शिरला आणि भुजंगराव बाहेर खिडकीशी सामान राखत उभा राहिला. आत गोव्याकडचे बाजेवाले वाजवत होते. ते संपलं तेव्हा याच्या पायाशी सामान नव्हतं, आणि गेलेलं त्याला कळलंही नव्हतं.

त्या संगीताला जॅझ म्हणतात. गावानं त्याला काहीच न म्हणायचं ठरवलं. फिटरची बदली झाली तेव्हा भोंग्याची पेटी आणि चौदा तवे भुजंगरावाच्या घरी आले. तवे म्हणजे ते काळे, गोल, सुईखाली फिरणारे. "घरात भाकरीचा तवा एक अन् बोंबलायचे चौदा," असं द्वारकाबाई म्हणायची. पुढं वर्षातून दोनतीनदा मनमाडची वारी ठरलेली. आधी खिडकीबाहेर, मग नाचघराच्या माळ्याच्या ओळखीनं व्हरांड्यात. परत आला की पारावर बसून सांगायचा: कोणत्या म्हाताऱ्यानं कर्णा कसा फुंकला, कुणाचा दम कमी झालाय, कोण पूर्वी मूकपटाच्या थेटरात वाजवायचा आणि बोलपट आल्यावर कसा घरी बसला. पार हळूहळू रिकामा व्हायचा. मग तो बैलांना सांगायचा.

आणि दिवसभर तोंडानं 'पॅ-परॅ-पॅप्' चालू. औताला पॅप्, मोटेवर पॅप्. एकदा मयतीला गेला असताना पॅप्.

"एखाद्याला तमाशाचा नाद असतो, एखाद्याला झुंजीच्या कोंबड्याचा," द्वारकाबाई साखराबाईला म्हणायची. "ते झाकता येतं बाई. हे कुठं झाकू?"

साखराबाई ऐकून घ्यायची आणि जाताजाता टोचायची, "तुमची जात्यावरची ओवी बी आताशा वाकडी जाती, द्वारकाबाई. मधीच काय उड्या मारून राह्यल्या तुमी?"

"माझी ओवी सरळ हाय," द्वारकाबाई फणकारायची.

तर असा हा श्रावण. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी तिनं कणगीत पायली घातली आणि पायली तळाला खडखडली. दिवाळीपर्यंत पुरायची ज्वारी! दारातून भुजंगराव वाकून बघत होता.

"पेव फोडावं लागंल मंग," तो म्हणाला.

हे त्यानं इतकं खुशीत म्हटलं की बाईचा हात तिथंच थांबला. अंगणातलं पेव म्हणजे वर्षाची भाकर. जमिनीत खोल खोदलेलं, आत तीस पोती ज्वारी, तोंडावर फरशी, फरशीवर माती. कणगी संपल्याशिवाय पेव फोडायचं नाही, हा गावोगावचा कायदा. आणि एकदा फोडलं की सगळंच उपसायचं, कारण हवा लागलेली ज्वारी आत टिकत नाही.

"पेवात काय हाय?" तिनं विचारलं.

"ज्वारी."

"ज्वारीच्या खाली काय हाय?"

भुजंगराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे उकरणं तिला वाचता येत होतं. भोंग्याची पेटी वैशाखापासून मुकी होती. "स्प्रिंग तुटली," म्हणाला होता. आणि वैशाखातच या आळशानं न सांगता पेवात उतरून तळाला कडबा अन् भुसा अंथरला होता. तिनं त्याचं कौतुक केलं होतं. साखराबाईच्या देखत केलं होतं! तिला आता त्याचाच जास्त संताप आला.

"तवे," ती म्हणाली.

"ट्रंकेत हायेत," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "चैतात एक तवा उन्हानं पापडावानी वळला. पेवात थंड असतंय. म्हटलं चार दिस ठेवू भुशाखाली, अन् तू ज्वारी भरायच्या आधी काढू. मी मनमाडला गेल्तो, तर इकडं आभाळ आलं अन् तू भरून मोकळी झाली."

खरं होतं. वळवाचं आभाळ बघून तिनं आणि दीर रखमाजीनं दोन दिवसांत पेव भरून लिंपून टाकलं होतं. हा परतला तेव्हा ती फरशीवरच बसून घाम पुसत होती आणि म्हणाली होती, "बघा, तुमच्याबिगर झालं." हा म्हणाला होता, "बेस झालं," आणि ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"मंग दिवाळीपर्यंत राहू द्या की! तवे काय पळून चालले?"

तेव्हा त्यानं कोपरीतून आषाढात आलेलं कार्ड काढलं. मनमाडच्या टेशनबाबूनं लिहून दिलेलं. कायतान मास्तर म्हणून गोव्याचा एक म्हातारा कर्णेवाला होता. त्यानं अकरा वर्षांपूर्वी कलकत्त्याला आपल्या वाजवण्याचा एकच तवा भरला, आणि तो तवा खुद्द त्याच्याकडं नव्हता. चौदांतला एक तोच. वैशाखात मनमाडला भुजंगरावानं मास्तराला छाती ठोकून सांगितलं होतं, माझ्या घरी आहे, या, ऐकवतो. आता मास्तर कायमचा गोव्याला चालला होता. जाण्याआधी नारळी पुनवेनंतरच्या रविवारी सकाळच्या गाडीनं जालन्याला येतोय, तवा एकदा ऐकव, असं कार्डात होतं.

"म्हणून खाऊन राह्यले का सात-सात भाकरी?"

"दुसरं काय करू? तू पेव फोडलं नसतं."

"आता बी न्हाई फोडणार! झडीच्या पावसात तीस पोती ठेवू कुठं? तुमच्या भोंग्यात? बिलकुल न्हाई!" तिनं बाज उचलली, पेवाच्या तोंडावर आदळली आणि वर डाळ निवडत बसली. चार दिवस तिथून हलली नाही. पाऊस आला की घोंगडं पांघरून बसायची.

रविवारी भुजंगराव बैलगाडीतून मास्तराला घेऊन आला. पांढरा, ठिगळाचा कोट, काखेत कर्ण्याची पेटी, पुढचे दोन दात गेलेले. वाटेत खरं सांगायची भुजंगरावाला हिंमत झाली नव्हती. त्यानं मास्तराला विहीर दाखवली, म्हैस दाखवली, पुन्हा विहीर दाखवली. शेवटी अंगणात दुसरं बसायला नव्हतं म्हणून मास्तर त्या बाजेवरच टेकला. त्यानं अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली आणि ताट सरकवलं.

"भुजंग, अब तवा."

"आणतो की," भुजंगराव म्हणाला, घराला एक चक्कर मारून आला आणि पुन्हा विहिरीचं बोलायला लागला.

द्वारकाबाईला ते बघवेना. "मास्तर," ती दारातून म्हणाली, "तवा तुमच्या बुडाखाली हाय. मधी तीस पोती ज्वारी हाय." आणि तिनं सगळं सांगितलं, भाकरी मोजून.

मास्तर इतका हसला की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "नको फोडू, बाई. ज्वारी बडी चीज. आमचा काय, हवा." पण मग तो बाजेच्या सुंभातून खाली बघत राहिला. "उसमें बीच में एक जागा आहे. कागजावर नव्हती. उस दिन आली, मी फुंकली, गेली. नंतर लोक बोलले, कायतान, वही बजाव. नहीं आयी. अकरा साल ढूंढतो. वो एक बार सुनना था."

"मला पाठ हाय!" भुजंगराव ओरडला. "सगळी! मी म्हणतो, तुमी वाजवा."

मास्तरानं घाईनं पेटी उघडली. भुजंगरावानं तोंड उघडलं, आणि सात भाकरींची उचकी आली. पाणी प्यायला. 'पॅ-परॅ' म्हणाला आणि भलतीकडंच गेला. ज्या माणसाची जागा, तोच समोर कर्णा घेऊन बसलेला. दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा मधेच थांबला. मास्तर दर वेळी दोन सूर फुंकायचा आणि मान हलवायचा, नाही, ही नव्हे.

आत द्वारकाबाई दळायला बसली होती. पीठ संपलं होतं. का संपलं होतं ते सांगायला नको. चौथ्यांदा चुकलेलं ऐकलं आणि तिनं जात्याचा खुंटा सोडून दिला.

"तसं न्हाई ओ! कितीदा चुकून राह्यले! तिथं चढून दोनदा थांबतंय. मंग घसरत घसरत खाली येतंय अन् तळाला गेल्यावर एकदम उडी मारतंय. रोज बोंबलता अन् वेळेवर येत न्हाई?"

अंगणात मास्तरानं कर्णा मांडीवर ठेवला. "बाई," मास्तर हळूच म्हणाला, "बोलो ना."

द्वारकाबाईनं पदर पुढं ओढला, भिंतीकडं तोंड केलं, आणि खुंट्याला हात घातला. जातं फिरलं तसं तिच्या गळ्यातून निघालं. शब्द नाही, नुसता हुंकार. चढलं, दोनदा थांबलं, घसरलं, तळाशी गेलं आणि उडालं. अकरा वर्षं हरवलेली जागा ज्वारीच्या पिठात बराबर बसली होती.

मास्तरानं तीनदा ऐकली. मग उभा राहिला आणि फुंकली. गावातली कुत्री भुंकायची थांबली म्हणतात, पण ते रामकिसन न्हाव्याचं सांगणं, त्यातलं निम्मं धरावं. साखराबाईचं डोकं मात्र गडग्यावर आलं होतं हे खरं. "अगं बया," ती म्हणाली, "ही तर तुमची वाकडी ओवी!"

मास्तरानं दोनदा वाजवली आणि घाईघाईनं पेटी बंद केली. "भुजंग, गाडी जुंप. जल्दी! डोक्यातून जायच्या आत मनमाडला लिहून घेतो." दाराशी वाकून त्यानं द्वारकाबाईला हात जोडले.

"उरलेली अर्धी भाकर तर खाऊन जा," ती चिडून म्हणाली. "एक सात खातो, एक अर्धी. धड माणूस काही माझ्या दारात येत न्हाई."

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत भुजंगरावाच्या ताटात मोजून दीड भाकर पडली. कणगीचा तळ तिनं तसाच पुरवला.

कार्तिकात, वेळेवर, पेव फोडलं. ज्वारी निघाली ती मोत्यासारखी. ट्रंक निघाली ती चपटी. तेरा तव्यांचा चुरा झाला होता. कायतान मास्तराचा तेवढा शाबूत, पण पत्रावळीसारखा वाकलेला. भुजंगरावानं तो पेटीवर चढवला. सुई वर चढायची, खाली उतरायची, म्हातारा कधी दमल्यासारखा तर कधी प्यायल्यासारखा वाजवायचा. मधली जागा आली की सुई टुणकन उडून पलीकडं पडायची. तेवढी गाळून पुढं चालू.

भुजंगराव डोकं धरून बसला. आतून जात्याची घरघर आली आणि तिच्यासोबत ती जागा, सबंध, न चुकता. मग जातं थांबलं.

"ऐकली का?" द्वारकाबाई ओरडली. "मंग बंद करा आता ते, अन् बैलाला पाणी दाखवा. सकाळपासून हंबरून राह्यलाय तो!"