मेथीच्या जुडीखाली

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्यातली दोन आम्ही कामरेजच्या एका सोसायटीत, रो-हाउसच्या वरच्या मजल्यावर काढली होती. खाली घरमालक राहायचे. साठी ओलांडलेलं जोडपं, मुलगा-सून परदेशात. घर देताना काकांनी एकच अट घातली होती: घरात मटण, मासे, अंडी काही येणार नाही. आम्ही दोघं खानदेशातले, आमच्याकडे सगळं खातात. पण नवरा ज्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कामाला होता तो तिथून जवळ, पाणी चोवीस तास, भाडं झेपणारं. आम्ही हो म्हटलं आणि ते पाळलंही. फारच खावंसं वाटलं तर रविवारी डिंडोलीला नणंदेकडे जायचो आणि तिथून जेवून यायचो.

मालकीणबाईंना मी मासी, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्या गुजरातीत बोलायच्या, मी मोडक्यातोडक्या गुजरातीत उत्तर द्यायचे. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सासू नंदुरबारकडे गावाला, तिला गुडघ्यांमुळे इकडे येणं जमायचं नाही. मला दिवस गेले तेव्हा उलटीचा आवाज ऐकून पहिल्यांदा वर धावत आल्या त्या मासीच. पाठ चोळून दिली, लिंबू चाटायला दिलं आणि माझ्याआधी त्यांनाच कळलं. "सारा समाचार छे, दीकरी," म्हणाल्या, गोड बातमी आहे पोरी, आणि स्वतःच रडायला लागल्या.

सहाव्या महिन्याच्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बराच वेळ पाहिला. बाळाचं वजन हवं तेवढं नव्हतं. माझं रक्तही कमी होतं.

"प्रोटीन वाढवा," त्या म्हणाल्या. "नॉनव्हेज खाता ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "घरी नाही," मी म्हटलं.

"घरी नाही म्हणजे?"

"घर भाड्याचं आहे. तिथे चालत नाही."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. बहुतेक त्यांनी हे आधीही ऐकलं असावं. "मग दूध, पनीर, डाळी, कडधान्यं. अंडी जमली तर सगळ्यात सोपं आणि स्वस्त. रोज दोन." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या बाईला बोलावलं.

त्या संध्याकाळपासून आमची बाजारहाट बदलली. आधी मी एकटी भाजी आणायचे, आता नवरा कामावरून सुटला की आम्ही दोघं हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या बाजारात जायचो. थंडीचे दिवस होते. वालपापडी, तुरीचे ओले दाणे, मेथी, पालक, सगळं भरभरून आलेलं. नवरा मोबाइलवर बघून सांगायचा, कशात किती प्रोटीन आहे. मी भाव विचारायचे. कारखान्यात तेव्हा मंदी होती, निम्मी मशीन बंद. त्याला पूर्ण पगार मिळत नव्हता आणि माझ्या शिकवण्या मी पाचव्या महिन्यातच थांबवल्या होत्या. पनीरचा भाव ऐकला की तो मागे वळून पालकाच्या जुड्या बघायला लागायचा.

एकदा आम्ही त्या नव्या चकचकीत दुकानात गेलो, जिथे सगळं काचेच्या बरण्यांत असतं. नवऱ्याने बदामाचं पाकीट उचललं, उलटं करून पाहिलं, ठेवलं. मग प्रोटीन पावडरचा डबा उचलला. तोही ठेवला. दुकानातली मुलगी मागेमागे फिरत होती. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पगार झाला की घेऊ." मी म्हटलं, "त्याने काय होणार आहे? मूग खाल्ले तरी तेच." त्याला राग आला. "तेच नाही. मी वाचलंय," म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो डबा घेऊनच आला. पहिल्याच घोटाला मला ओकारी आली. डबा तसाच राहिला, आणि त्या महिन्यात नवरा दुपारच्या डब्यात नुसती भाकरी-चटणी नेऊ लागला. विचारलं तर म्हणायचा, भूक नसते.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. मोड आलेले मूग, हरभरे, सोयाबीनच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, सगळं करून पाहिलं. वड्यांचा वास सहन व्हायचा नाही. कडधान्यांनी पोट इतकं फुगायचं की रात्र बसून काढावी लागायची. पुढच्या तपासणीत माझंही वजन वाढलेलं नव्हतं.

सासूचा रोज फोन यायचा. "पोटभर खाय व माय, लाजू नको," म्हणायची. मी हो हो म्हणायचे.

मग नवरा मला हायवेच्या पुलाखालच्या अंड्याच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, नेऊ लागला. आम्ही दोन उकडलेली अंडी घ्यायचो, मी उभ्याउभ्या खायचे. तिथे धूळ, ट्रकचा धूर, चोरून पिणाऱ्यांची गर्दी. एवढं पोट घेऊन मी तिथे उभी राहिले की सगळे बघायचे. एक दिवस सोसायटीतल्या एका बाईची गाडी सिग्नलला थांबली आणि मी पाठ फिरवली. दोन दिवसांनी तिथल्या सगळ्याच लाऱ्या उठवल्या. त्या संध्याकाळी आम्ही तिथे पोचलो तेव्हा नुसता रस्ता होता.

"घरीच आणतो," नवरा म्हणाला.

"आणि मासी?"

"मासींना कोण सांगायला चाललंय? आपण काय मजा म्हणून खातोय का?"

मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कापडी पिशवीत खाली अंडी आणि वर मेथीची जुडी घालून आला. स्वयंपाकघराची खिडकी लावून मी अंडी उकडली. शेजारच्या शेगडीवर मुद्दाम लसणाची फोडणी दिली. अंड्यांच्या साली त्याने कागदात गुंडाळून कामाच्या बॅगेत टाकल्या आणि कारखान्याजवळ फेकल्या. असंच रोज चालू झालं. अंडी मला पचत होती. पुढच्या वेळी वजनाचा काटा सरकला, डॉक्टरबाई हसल्या. पण मासी अजून वर यायच्या. त्या सोफ्यावर बसून माझ्या पायाला तेल लावायच्या आणि मी त्यांच्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचे.

त्या रविवारी आम्ही बाजारातून आलो तेव्हा नवरा गाडी लावायला मागे थांबला. पिशवी माझ्या हातात होती. तो म्हणाला होता, मी घेतो, पण वर जाऊन पटकन आडवं व्हावं म्हणून मी निघाले. मासी दाराबाहेरच्या ओट्यावर पापडी सोलत होत्या. मला बघून उठल्या.

"अरे, आवी हालतमां वजन ऊंचकाय? लाव, मने आप."

"नको मासी, हलकी आहे."

"हलकी शानी? लाव."

त्यांनी पिशवी ओढूनच घेतली. मी आधी सोडली नाही, मग सोडली. त्या पुढे जिना चढू लागल्या. चौथ्या-पाचव्या पायरीवर दम लागला म्हणून त्यांनी पिशवी खाली टेकवली, जरा जोरातच. आवाज मला ऐकू आला. त्यांना आला नसावा. त्यांनी पुन्हा उचलायला खालून हात घातला, आणि हात ओला झाला.

आधी त्यांना वाटलं दूध फुटलं. "दूध हतुं?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी हाताकडे पाहिलं. बोटांवरून पिवळं ओघळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घाबरल्यासारख्या दिसल्या. हात अंगापासून लांब धरून माझ्या बाजूने खाली उतरल्या. आत मोरीतला नळ बराच वेळ वाहत होता.

नवरा आला तेव्हा मी पायरीवर बसले होते. त्याने पिशवी उचलली, फडकं आणून जिना पुसला, पाण्याने धुतला.

संध्याकाळी काका वर आले. दारातच उभे राहिले. आवाज चढवला नाही. "घरमां मंदिर छे, भाई," एवढंच म्हणाले. मग हिंदीत सांगितलं की महिना संपेपर्यंत दुसरं बघा. नवऱ्याने हात जोडले. डॉक्टरांनी प्रोटीन सांगितलं होतं, तिचं रक्त कमी आहे, बाळंतपणापर्यंत तरी राहू द्या. काका खाली गेले. थोड्या वेळाने जिन्यातून मासींचा आवाज आला. आमच्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा. राहा, पण ते आणू नका, म्हणाल्या. "प्रोटीन जोइए ने? हुं आपीश."

आणि त्यांनी खरंच दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या पायरीवर झाकलेली वाटी होती: तुपात परतलेल्या मखाण्यांबरोबर बदाम. संध्याकाळी पनीरची भाजी. पुढच्या दिवशी डिंकाचा लाडू, घट्ट दह्याचा वाडगा. आम्हाला न परवडणारं सगळं. पण मासी स्वतः वर आल्या नाहीत. वाटी ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि मी दार उघडेपर्यंत खाली गेलेल्या असायच्या.

तिसऱ्या दिवशी मी वाट्या घासून, पुसून खाली नेल्या. मासींनी दाराची जाळी उघडली नाही. "राख, दीकरी," म्हणाल्या. "ए तारी पासे ज राख." ठेव, तुझ्याजवळच ठेव. मला वाटलं, भेट म्हणून म्हणताहेत. जिना चढताना लक्षात आलं. त्या वाट्या आता त्यांच्या घरात जाणार नव्हत्या.

तरी रोज नवी वाटी यायची. माझ्या फळीवर स्टीलच्या वाट्या वाढत चालल्या. मी त्यातलं थोडं खायचे, उरलेलं नवऱ्याला द्यायचे. त्याने एक दिवस ताट सरकवलं.

"मला नाही जात हे घशाखाली," तो म्हणाला. "आपण खोली बघू. कोसाडला माझा मित्र राहतो. आपली माणसं आहेत तिकडे."

"आणि दवाखाना? ऐनवेळी कोसाडहून इथवर यायचं? तुमचं काम इथे."

"मी करेन येणं-जाणं."

"त्या प्रेमानेच देतात हो."

"प्रेमाने देतात, मला माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच जात नाही."

त्या संध्याकाळी बाजारात आम्ही शेंगदाण्याच्या गाडीसमोर भांडलो. लोकांसमोर. मी म्हटलं, तुम्हीच आणलीत ती पिशवी. तो म्हणाला, तू सोडायला नको होतीस. शेंगदाणेवाला मापातले दाणे परत पोत्यात ओतून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी नवऱ्याकडे पाहिलं तर त्याचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी त्याच्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि म्हटलं, "बघा खोली."

आम्ही आठवा महिना लागायच्या आत निघालो. टेम्पोत सामान चढवताना मासी बाहेर आल्या नाहीत. काकांनी डिपॉझिट पूर्ण परत दिलं, वर माझ्या हातात पाकीट ठेवलं. "डिलिव्हरी माटे," म्हणाले. मी घेत नव्हते, त्यांनी नवऱ्याच्या खिशात घातलं. वाट्यांचं काय करायचं मला सुचेना. शेवटी मी त्या आमच्या भांड्यांतच बांधल्या. टेम्पो वळला तेव्हा मासी खिडकीच्या जाळीमागे उभ्या असल्यासारखं वाटलं, पण उन्हामुळे नीट दिसलं नाही.

कोसाडची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाणी ठरावीक वेळेला. शेजारच्या बाया अहिराणीत हाका मारायच्या, माशाचा वास मोकळेपणी जिन्यातून यायचा. नवरा उघड्या पिशवीत अंडी आणायचा. मी ती उघड्या खिडकीजवळ उकडायचे आणि पहिले काही दिवस तरीही कान जिन्याकडेच असायचे. तो पहाटे निघायचा आणि परत येईपर्यंत मी जेवून झोपलेली असायचे. रविवार सोडला तर बाजारात एकत्र जाणं बंदच झालं.

मुलगी तारखेच्या दहा-बारा दिवस आधी झाली, जवळच्याच सरकारी दवाखान्यात. वजन थोडं कमी होतं. दोन दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं, मग माझ्याकडे दिलं. आता ती चालते, पडते, माती खाते. डॉक्टर म्हणतात ठीक आहे.

बाळंतपणानंतर आठवड्याने मी मासींना फोन केला. माझं नाव ऐकताच त्या मोठ्याने रडल्या. मुलगी कुणासारखी दिसते, दूध येतं का, रात्री रडते का, सगळं विचारलं. "हुं आवीश जोवा," म्हणाल्या, येते बघायला. मी पत्ता सांगितला. त्यांनी लिहून घेतल्याचं सांगितलं.

त्या आल्या नाहीत. मी पुढे काही रविवार घर आवरून ठेवायचे. नवरा नुसता बघायचा. एकदा मीच म्हटलं, "आपणच जाऊन येऊ का?"

"तुला जायचंय?"

मी मुलीचं अंगडं बदलायला घेतलं. मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवावंसं वाटतं. आणि त्यांनी पाणी पुढे केलं तर ते कशातून देतील, याची भीतीही वाटते. नवरा कामावर जाताना अजून त्या सोसायटीवरून जातो. वरच्या मजल्यावर आता दुसरं बिऱ्हाड आहे, म्हणाला. मासी ओट्यावर दिसतात कधी. तो हात करत नाही, त्याही करत नाहीत.