निनेवे गुरुजींचं वर्ष

आमच्या गुरुजींच्या तोंडून मी कधी आकड्यातलं साल ऐकलं नाही. शाळेवर पत्रे कधी चढले असं विचारलं तर ते म्हणत, "जानूच्या वर्षी." वादळात किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली ती "गोपाळच्या वर्षी." तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी असंच एक उत्तर दिलं होतं म्हणतात. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि चहा मागवला.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. गुरुजी शेजारच्या माकुणसारहून आमच्या गावाला, एडवणला, सायकलवर येत. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात असिरिया या इराकमधल्या प्राचीन राज्यावर जेमतेम एक परिच्छेद होता. गुरुजींना त्याला तीन आठवडे पुरत नसत. निनेवे ही त्या राज्याची राजधानी. ते नाव त्यांच्या तोंडी इतकं असे, की गावाने तेच त्यांचं आडनाव ठरवून टाकलं. गुरुजींनी कधी सुधारलं नाही. मला वाटतं, त्यांना ते आवडायचं.

नदीकाठचं व्यापाऱ्यांचं एक लहानसं गाव लोखंडाच्या बळावर कसं वाढलं, भिंती फोडणारी यंत्रं घेऊन ते कुठवर पोचलं, जिंकलेल्या मुलखातली माणसं उचलून त्यांनी भलत्याच मुलखात कशी नेऊन बसवली, हे सांगताना गुरुजी वर्गभर फिरत. निनेवे पडायच्या दिवशी मात्र खिडकीशी उभे राहत आणि आवाज खाली आणत. "शहर जळलं. पुढे दोनशे वर्षांनी ग्रीकांची एक फौज त्या भिंतींखालून गेली. हे शहर कुणाचं, हे तिथल्या माणसांनाही धड सांगता येईना. दोनशे वर्षं, बाळांनो. एवढंच लागतं." बाहेर ओहोटी असायची, किनाऱ्यावर माणूस नसायचं. आम्ही खिडकीतून आपल्याच गावाकडे बघायचो.

त्या लोकांची एक रीत गुरुजींनी आमच्या शाळेत आणली. असिरियात दर वर्षाला एका माणसाचं नाव देत. नाव कधी कधी फासा टाकून निघे, एखादं वर्ष खुद्द राजाचंही असे, आणि अशा नावांची यादी शेकडो वर्षं चालली. "शेवटच्या वर्षांची नावं सापडतात, पण क्रम लागत नाही. लिहिणारेच उरले नाहीत," गुरुजी म्हणत. आपल्या गावाचं तसं होऊ नये म्हणून दर जूनमध्ये ते खडूच्या डब्यात घराघरातल्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकत. एका मुलाने चिठ्ठी काढायची, गुरुजींनी वाचायची, आणि ते वर्ष त्या माणसाचं. यादी शाळेच्या भिंतीवर रंगवलेली असे. आपलं नाव भिंतीवर गेलं म्हणून लोक शाळेत पेढे पाठवत.

मग मथीबाईचं वर्ष आलं. मासळीची पाटी उतरवून ती श्रावणात अंगणात बसली ती उठलीच नाही. पुढचं वर्ष भिका सुताराचं. धडधाकट माणूस, माघात माडावरून पडून गेला. मग गावाने पेढे पाठवणं बंद केलं. बायका शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. "मास्तर, आमच्या मानसांची नावं काडा त्या डब्यातनं. आमाला वरीस नको."

गुरुजी चिडले. "मी काय यम आहे? दोन माणसं गेली, गावात माणसं जातातच!" पण त्यांनी एकेक करून चिठ्ठ्या काढून दिल्या. माझे बाबा मासेमारीला जाणारे, हट्टी. आईने किती विनवलं, पण ते म्हणाले, "दर्याला नाय भ्यालो, आता कागदाला भिऊ? ऱ्हाऊ दे माजं नाव." डब्यात शेवटी पाच-सहा चिठ्ठ्या उरल्या.

त्या जूनमध्ये चिठ्ठी काढायची पाळी माझी होती. मी हात घातला. चिठ्ठी गुरुजींना देता देता घडी सुटली आणि मला अक्षरं दिसली. बाबांचं नाव होतं. गुरुजींनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, ती खिशात घातली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "दत्तात्रय."

वर्गात कुजबूज झाली. असं नाव गावात कुणाचं नव्हतं. "दत्तात्रय म्हणजे मी," गुरुजी म्हणाले. कुणीतरी विचारलं, तुमचं नाव डब्यात कधी घातलं? "राजाचं नाव यादीत असतंच," म्हणाले, आणि ब्रश घेऊन भिंतीकडे गेले.

सुट्टी झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. "तू काही पाहिलंस?"

"नाय, गुरुजी."

"शाबास, पोरी. राजे तर दगडावरची नावं खोडायचे. आपण फार काही केलेलं नाही." ते हसले. मला हसता आलं नाही.

ते वर्षभर मी रोज सकाळी रस्त्याकडे डोळे लावून त्यांच्या सायकलची वाट पाहिली. सायकल दिसली की जीव भांड्यात पडे. आणि बाबांची होडी परत आली की पुन्हा एकदा पडे. श्रावण गेला, माघ गेला. गुरुजी वर्गात येताच मिश्कीलपणे म्हणत, "आहे अजून." चैत्र लागला तेव्हा गावही हसायला लागलं होतं. मग त्यांना ताप आला. चार दिवस सायकल आली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी गुरुजी गेल्याचा निरोप आला. बाबा किनाऱ्यावर जाळं विणत बसले होते. ऐकल्यावर त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि अनवाणीच माकुणसारची वाट धरली. "मास्तर गेला तर खांदा द्यायला नको?" एवढंच आईला म्हणाले.

जूनमध्ये नवीन मास्तर आले. त्यांनी भिंतीला चुना दिला. बाबा पुढे अठरा वर्षं जगले, आणि चिठ्ठीच्या दिवशी काय झालं हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. गुरुजींवर माझा फार जीव होता. त्यांच्यासाठी मी कितीतरी दिवस रडले, हे खरं. पण निरोप आला त्या सकाळी बाबांची पाठ वाळूतून दूर जाताना मी पाहत होते, आणि रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं होतं.